बिनलवंगेचा विडा

फार वर्षांपूर्वी, म्हणजे नक्की किती ते मला विचारू नका, मी काही पाटी घेऊन बसले नव्हते, पण आपल्या ओढ्यावर पूल नव्हता आणि वाघजाईच्या डोंगरात खरोखरचे वाघ होते, तेव्हा या करंजघोळात येसबा नावाचा दातांचा वैद्य राहत होता. सरका गं पोरींनो, मला पाय पसरू द्या. आणि नवरीबाई, तू तिकडं कोपऱ्यात काय बसलीस? तूच पुढं ये. ही गोष्ट आज तुझ्यासाठीच सांगायची आहे. उद्या सकाळी तुला देवळात बसवतील, तेव्हा काय चाललंय ते तुला कळायला नको?

आधीच सांगते, आपल्या गावाच्या मोठेपणाच्या गोष्टी पुष्कळ आहेत, त्या पाहुण्यारावळ्यांना सांगायच्या. ही मान खाली घालून सांगायची गोष्ट आहे. माझ्या सासूनं मला अशीच सांगितली, तिला तिच्या सासूनं. ओढ्यावर पाणी भरणाऱ्या त्या बायकांत आपल्या घरातली कुणी नव्हती, असं यांतली एकही छातीवर हात ठेवून म्हणू शकली नसती. पाण्याचं काय ते पुढं येईल. घाई करू नका.

तर येसबा. उंच माणूस, हात लांब, आणि त्या हातांना लवंगेचा वास. जिथून जाईल तिथं वास मागं राहायचा. भल्या पहाटे उठायचा, ओढ्यात डुबकी मारायचा, आणि अनवाणी पायांनी वाघजाईचा डोंगर चढायचा. पाऊस असो, धुकं असो, थंडीनं बोटं वाकडी होवोत, एक दिवस चुकला नाही. देवीला रोजचा विडा ठेवण्याचा मान त्याच्या घराकडं होता. विडा ठेवायचा, हात जोडायचा, म्हणायचा, "आई, आज कुणाला जास्त दुखू देऊ नको." एवढंच मागणं. मग उतरताना करंजाच्या काड्या तोडायच्या, रिंगणीची बोंडं गोळा करायची, कुठं बाभळीची साल, कुठं हिरडा. डोंगर त्याला असा पाठ होता की डोळे बांधून सोडला असता तरी झाडाला हात लावून नाव सांगितलं असतं.

खाली आलं की डोंगराच्या पायथ्याचा तो सपाट खडक, तुम्ही पोरं ज्याच्यावर घसरगुंडी खेळता तोच, तिथं त्याचं दुकान. दुकान म्हणजे काय, वर आभाळ नि खाली दगड. घरात बसून त्यानं कधी कुणाचा दात बघितला नाही. म्हणायचा, दात उजेडात बघावा, अंधारात दात बघणारा चोर. दुखणाऱ्या माणसाला तो उगवतीकडं तोंड करून बसवायचा, सूर्य डोंगराच्या खांद्यावर आला की म्हणायचा, "हां, आता उघड तोंड," आणि कोवळं ऊन थेट दाढेपर्यंत जायचं. किडीला रिंगणीच्या बियांची धुरी, सुजेला मीठ-हळद, ठणक्याला लवंग, आणि अगदीच गेलेल्या दाताला लोखंडी चिमटा. चिमटा हातात असताना तो गोष्ट सांगायचा. गोष्टीत हसू आलं की दात बाहेर. दात कधी गेला ते माणसाला कळायचंच नाही, असं म्हणतात.

लांबून लांबून माणसं यायची. घाटाखालून यायची. आयाबायासुद्धा यायच्या बरं का, डोईवरून पदर घेऊन, आणि येसबासमोर बसल्या की पदर बाजूला. वैद्यासमोर कसली लाज? कुणाची सून, कुणाची लेक, सगळ्या तोंड उघडायच्या.

आणि वाघाचं तर सांगायलाच नको. एकदा म्हणे पहाटे डोंगरवाटेवर वाघ आडवा बसला होता. उठेना, गुरगुरेना, नुसता जबडा जमिनीला घासत होता. येसबा थांबला. बघितलं तर सुळ्याखाली हाडाची कपची रुतलेली, हिरडी फुगलेली. येसबा म्हणाला, "मामा, उगवतीकडं तोंड करा." आणि वाघानं केलं. चिमटा घातला, कपची ओढली, लवंग दाबली, आणि वाघ निघून गेला. असं म्हणतात. मी नव्हते बघायला. पण ज्या दगडावर वाघ बसला होता तो दगड अजून आहे आणि त्याला लवंगेचा वास येतो असं आमचे हे शपथेवर सांगायचे. मी हुंगून बघितलाय. दगडाचा वास येतो.

हसू नका. वाघ लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

येसबाचं घर म्हणजे भरलं गोकुळ. बायको गवरा, एकुलता लेक खंडू, दोन लेकी, धाकट्या भावाची पोरं. माणसावर जीव लावणारा गडी. जेवायला बसला की पंगतीतल्या शेवटच्या पोराच्या ताटात भाकरी पडेपर्यंत घास उचलायचा नाही. आणि दर सोमवारी सगळ्यांना अंगणात रांगेत बसवून तोंडं बघायचा. पोरांची बघायचा, लेकींची बघायचा, भावाची बघायचा. गवराचीसुद्धा, ती लाजून लाल व्हायची तरी. त्यामुळं त्या घरात कुणाचा दात म्हणून दुखला नाही. येसबाला त्याचा भारी अभिमान. खडकावर बसून चारचौघांत म्हणायचा, "येसबाच्या घरात दात दुखत न्हाई." लोकांनी ते उचललं. एखादी गोष्ट होणं शक्यच नाही असं सांगायचं असलं की लोक म्हणायचे, येसबाच्या घरात दात दुखेल तेव्हा हे होईल. म्हणच पडली.

अभिमान वाईट नसतो, पण तो म्हणीत जाऊन बसला की माणसाला उठू देत नाही.

मग खंडूचं लग्न झालं आणि सारजा त्या घरात आली. नदीपलीकडची पोर, हसरी, हातानं चपळ. माहेरी म्हणे इतकी बोलायची की बापानं तिचं नाव साळुंकी ठेवलं होतं. इथं आली आणि गप्प झाली. तेव्हाची रीतच तशी. सुनेनं सासऱ्यासमोर पदर कपाळाच्या खाली ओढायचा, दाराआड उभं राहायचं, आणि तोंड उघडायचं नाही. बोलायचं नाही, हसायचं नाही, सासऱ्याच्या नजरेसमोर घासही घ्यायचा नाही. सासऱ्यानंही सुनेशी थेट बोलायचं नाही. पाणी हवं असेल तर बायकोला सांगायचं, "अगं, सूनबाईला म्हणावं पाणी दे." सून दोन हातांच्या अंतरावर उभी असली तरी. आता तुम्हाला हसू येतं. तेव्हा त्याला मर्यादा म्हणायचे, आणि मर्यादा पाळणाऱ्या सुनेचं गावभर नाव व्हायचं. सारजाचं झालं होतं.

सोमवारी सगळे अंगणात रांगेत बसायचे, तेव्हा सारजा दाराआड उभी असायची. येसबानं सबंध मुलखाची तोंडं बघितली, वाघाचं बघितलं, आणि घरातल्या एका माणसाचं तोंड त्यानं कधी बघितलं नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा, म्हणतात ना. त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. गवराच्या आलं नाही. सगळं रीतीप्रमाणं चाललं होतं ना!

दिवाळीनंतर खंडू बैलांचा तांडा घेऊन घाटाखाली मिठाला गेला, तो चैत्रातल्या जत्रेला परतायचा होता. आणि मागं सारजाची दाढ दुखायला लागली.

आधी नुसती ठणकली. मग ठणका कानात गेला. मग भाकरी चावता येईना, ती भिजवून गिळायला लागली. एक दिवस चुलीपुढं बसून तिनं सासूच्या कानात सांगितलं, "आत्याबाई, दाढ लई दुखतीया." गवरा काही वाईट बाई नव्हती, हे लक्षात ठेवा. पण तिला पहिली आठवली ती म्हण. ती म्हणाली, "अगं बया, हळू बोल! यांच्या घरात दाढ दुखली असं बाहेर गेलं तर लोक तोंडात शेण घालतील. आणि तू त्यांच्यापुढं तोंड उघडून बसणार हाईस व्हय? सासऱ्यापुढं? आपलेच दात नि आपलेच ओठ, पोरी. सोस जरा. जत्रेला खंडू आला की तुला म्हायेरी पाठवू, तिकडं कुणाला तरी दाखव."

झालं. सारजा सोसायला लागली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

आता पाण्याचं. ओढ्यावर पाणी भरायला जायच्या त्या बायकांना दिसत नव्हतं का? दिसत होतं. सारजा घागर उचलताना गाल दाबायची. सगळ्यांना कळलं होतं. एक म्हणाली मिठाच्या गुळण्या कर, एक म्हणाली हिंग भर, एकीनं कापूर दिला. आणि सगळ्याजणी एकमेकींकडं बघून तोंडाला पदर लावून हसल्या. येसबाच्या घरात दात दुखतोय! पण त्यांतली एकही डोंगराच्या पायथ्याला जाऊन म्हणाली नाही, की येसबा, तुझी सून दुखण्यानं काळी पडली. चार पावलांवर तर खडक होता. दुसऱ्याच्या घरातलं आपण कशाला बोला, असं प्रत्येकीला वाटलं. त्या बायका कोण होत्या? या गावातल्याच. त्यांची नावं कुणी सांगत नाही, कारण त्या सगळ्यांच्याच सासवांच्या सासवा होत्या.

घरात औषध होतं की. येसबाच्या कमरेच्या बटव्यात लवंगा होत्या. पण बटवा त्याच्या कमरेला, आणि त्याला मागणार कोण? एकच लवंग रोज सकाळी बाहेर यायची, देवीच्या विड्यासाठी. येसबा ती गवराकडं द्यायचा, गवरा सारजाकडं, आणि सारजा पानाला चुना-कात लावून, सुपारी घालून, विडा दुमडून, वरून लवंग टोचायची. सुनेच्या हातचा विडा देवीला चालतो, तो सुनेनंच करायचा.

एका सकाळी ठणका इतका वाढला की तिला समोरचं दिसेना. हातात लवंग होती. तिनं देवीला हात जोडले, लवंग दाढेखाली धरली, आणि विड्याला कडुलिंबाची काडी टोचली. घटकाभर जीव थंड झाला. मग दुसऱ्या दिवशी पण, आणि तिसऱ्या दिवशी पण. रोज घाबरायची, रोज रडायची, आणि रोज तेच करायची.

वर देवळात येसबानं विडा ठेवताना काडी बघितली. पहिल्या दिवशी वाटलं, लवंग वाटेत पडली असेल. मग रोजच काडी. त्याचं मन खट्टू झालं. माझ्या घरात देवीची लवंग कोण खातंय? त्यानं पोरांना रांगेत उभं केलं, प्रत्येकाच्या तोंडाचा वास घेतला. आता बघा दैवाचा खेळ. ज्याच्या नाकाला वासावरून सगळा डोंगर कळायचा, त्याला घरातल्या लवंगेचा वास लागला नाही, कारण त्याच्याच हातांना तो वास होता. दाराआडून लवंगेचा वास येत होता आणि त्याला वाटलं, माझाच आहे. आणि जो माणूस मुलखाला सांगत फिरायचा की ठणक्याला लवंग, त्याच्या डोक्यात हे आलं नाही की जो लवंग चोरतो त्याला ठणका असेल! त्याला चोरी दिसली. दुखणं दिसलं नाही.

असं करता करता जत्रा आली. चैत्रातली सकाळ, ढोल, गुलाल, सगळं गाव वर डोंगरावर. जत्रेच्या दिवशीचा विडा मोठा मानाचा, तो ताटात घालून, वर रुमाल झाकून, सुनेनं डोईवर आणायचा आणि सासऱ्यानं सगळ्यांसमोर रुमाल काढून देवीपुढं ठेवायचा. सारजा ताट घेऊन डोंगर चढली. तापानं अंग भाजत होतं. पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. कशी चढली तिचं तिला माहीत. खंडूचा तांडा अजून घाटातच होता.

येसबानं रुमाल काढला. विड्यावर काडी.

गुरव म्हणाला, "येसबा, लवंग कुठाय?"

ढोल थांबले. गावानं माना उंच केल्या. येसबाचं तोंड आधी पांढरं पडलं, मग लाल झालं. सगळ्या मुलखासमोर, देवीसमोर, त्याच्या ताटात काडी! तो बायकोकडं वळला, कारण सुनेशी बोलायची रीत नव्हती, आणि मोठ्यानं म्हणाला, "गवरे, विचार तिला! जिच्या हातचा विडा, तिनंच सांगावं. मी वाघाच्या जबड्यात हात घालून अब्रू कमावली, नि घरात द्येवीची चोर पोसली? विचार तिला!"

सारजा उभी. ओढ्यावरच्या सगळ्या बायका तिथंच होत्या. सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी बोललं नाही. गवरा पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली.

"बोलत का न्हाई? म्हणावं तोंड उघड!" येसबा ओरडला. "तोंड उघड म्हणावं!"

सारजाच्या हातातून ताट पडलं, आणि ते उचलायला वाकताना पदर खांद्यावर गेला.

सकाळचं ऊन होतं. उगवतीकडं तिचं तोंड होतं. येसबानं आयुष्यभर ज्या उजेडात दात बघितले, त्याच उजेडात त्यानं आपल्या सुनेचा चेहरा पहिल्यांदा बघितला. गाल कानापासून गळ्यापर्यंत सुजलेला, कातडी ताणून चकाकती, डोळा मिटलेला. त्याला जवळ जायची गरज नव्हती. कुठली दाढ, किती महिन्यांची कीड, पू कुठवर उतरलाय, आणि तो घशाकडं गेला तर माणूस किती वेळ राहतो, हे सगळं त्याला लांबूनच कळलं. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं एवढं त्याला कळलं. आणि लवंग कुठं गेली तेही कळलं.

असं म्हणतात की त्या क्षणाला त्याचे केस पांढरे झाले. ते खरं-खोटं देवीला माहीत. पण लाज अशी असते की माणूस उभ्या उभ्या म्हातारा होतो, एवढं मी बघितलंय.

तो धावला. चिमटा काढला, बटवा सोडला. म्हणाला, "सूनबाई, तोंड उघड." थेट बोलला. लोक दचकले. सारजानं मान हलवली. उघडेना. आधी रीतीनं उघडत नव्हती, आता सुजेनं जबडाच बसला होता. दातखीळ बसल्यासारखा. श्वास शिट्टी वाजल्यासारखा आत-बाहेर व्हायला लागला. येसबानं हळद लावली, शेकलं, गोष्ट सांगायला गेला तर त्याला गोष्टच आठवेना. ज्याच्या एका शब्दावर वाघानं जबडा उघडला, त्याच्या सुनेचा जबडा उघडेना.

मग येसबानं डोक्यावरचं पागोटं काढलं आणि सारजाच्या पायाशी ठेवलं. सासऱ्यानं, सुनेच्या पायाशी, सगळ्या गावासमोर. बायांनी "अगं बाई!" म्हणून डोळे झाकले. तो म्हणाला, "पोरी, चोर तू न्हाईस. मी हाय. तुझ्या तोंडातला घास मी चोरला, तुझा आवाज मी चोरला. मला न्हाई दाखवायचं तर नको दाखवू. पण मरू नको गं."

आणि देवीकडं वळला. "आई, माझ्या घरात दात दुखत न्हाई असं मी म्हणालो. हे घे."

चिमटा स्वतःच्या तोंडात घातला, आणि आपला पुढचा धडधाकट दात धरला. ना लवंग, ना धुरी, ना गोष्ट. पीळ दिला. रक्ताची धार पांढऱ्या दाढीवरून खाली आली.

आणि सारजा किंचाळली. "मामंजी, नका!"

त्या घरात आल्यापासून सासऱ्यासमोर तिच्या तोंडून आलेला पहिला शब्द. असा जोरात आला, की जबडा कटकन सुटला, आतलं गळू फुटलं, आणि सगळी घाण बाहेर पडली. समोरच्या कड्यावरून तो आवाज परत आला. अजून त्या जागी उभं राहून काही ओरडलं तर आधी "नका" ऐकू येतं, असं म्हणतात. येसबानं तोंडातलं रक्त थुंकलं, तिची हनुवटी धरली, तोंड उन्हाकडं केलं, आणि दाढ काढली. गोष्ट न सांगता. आयुष्यात पहिल्यांदा.

सारजा वाचली. गालावर खळगा राहिला, हसली की तोंड एका बाजूला जायचं. खंडू परतला तेव्हा ती बाजेवर होती आणि म्हातारा उशाशी बसून तिला चमच्यानं पेज भरवत होता. खंडूला काय झालं ते कळेना. म्हाताऱ्यानंच सांगितलं, काही न लपवता, आणि सांगताना एकदाही मान वर केली नाही.

ओढ्यावरच्या बायका बरेच दिवस सारजाला बघितलं की घागर अर्धी भरूनच निघायच्या. गवरानं म्हणे मरेपर्यंत तांबूल खाल्ला नाही.

येसबा पुष्कळ जगला. शंभरी ओलांडली म्हणतात. रोज डोंगर चढला, रोज खडकावर बसला, नातवंडं-पतवंडं खेळवली. पण पागोटं पुन्हा डोक्यावर ठेवलं नाही. ती म्हण कुणी त्याच्यापुढं काढली तर तोंड उघडून पुढच्या दाताची खिंड दाखवायचा आणि म्हणायचा, "दुखतो. माझ्याच घरात दुखतो." आणि दर सोमवारी अंगणात रांग लागायची तेव्हा आधी सारजासमोर जाऊन बसायचा, बोडका, आणि विचारायचा, "पोरी, कुठं दुखतंय का?" लोक हसायचे. सासरा सुनेला विचारतोय! हसू दे. तो विचारायचा, आणि ती सांगायची. कधी कंबर, कधी डोकं, कधी म्हणायची आज तुमच्या लेकाचं बोलणं दुखलं. मग खंडूची काय धडगत!

पुढं ती त्याच्या शेजारी खडकावर बसायला लागली. ज्या सुनांना घरच्यांपुढं तोंड उघडायची भीती, त्या तिच्याकडं यायच्या. त्याच्यानंतर चिमटा तिच्याच हातात गेला.

एकदा म्हणे त्यानं विचारलं, "पोरी, मला माफ केलंस का गं?" ती विडा दुमडत होती. म्हणाली, "मामंजी, ऊन वर आलं. विडा घ्या नि निघा." तेवढंच. त्यानं परत कधी विचारलं नाही.

त्याची शेवटची वेळ आली तेव्हा खंडूनं गंगेचं पाणी नि तुळशीचं पान आणलं. म्हातारा तोंड उघडेना. गावातल्या मानकऱ्यांनी विनवलं, उघडेना. दात घट्ट मिटलेले. मग सारजा आली, तीही तेव्हा केस पिकलेली, उशाशी बसली, बाज उगवतीकडं फिरवायला लावली, आणि म्हणाली, "मामंजी, उघडा तोंड." त्यानं उघडलं. तिनं पाणी घातलं, पान ठेवलं, आणि पदराच्या गाठीतून एक लवंग काढून त्या पडलेल्या दाताच्या खिंडीत ठेवली. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तो गेला. माफी झाली की नाही ते तुम्ही ठरवा. आमच्यात यावर दोन तट आहेत.

तेव्हापासून वाघजाईच्या विड्याला आपण लवंग टोचत नाही. कडुलिंबाची काडी टोचतो. परगावचे लोक हसतात, म्हणतात करंजघोळवाले देवीला फसवतात. लवंगा देवळाच्या उंबऱ्यावर वाटीत ठेवलेल्या असतात, ज्याचं दुखतं त्यानं न विचारता घ्यायच्या. आणि नवी सून आली की दुसऱ्या दिवशी सकाळी तिला देवळात उगवतीकडं तोंड करून बसवतात. पदर मागं. सासरा बोडक्यानं तिच्यासमोर बसतो, वाटीतली लवंग तिच्या हातावर ठेवतो आणि विचारतो, "पोरी, कुठं दुखतंय?" ती सांगेपर्यंत त्यानं टोपी घालायची नाही, पाणी प्यायचं नाही. आमच्याकडं त्या दिवशी लाज सासऱ्यानं धरायची असते.

मी आले तेव्हा मला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. सासऱ्यांनी विचारलं, मी म्हटलं, "कुठं न्हाई." ते बसून राहिले. परत विचारलं. परत "कुठं न्हाई." ऊन डोक्यावर यायला लागलं. म्हातारा माणूस, घशाला कोरड, मान खाली. शेवटी मला राहवेना. मी छातीवर हात ठेवला नि म्हटलं, "हितं. आईची आठवण येतीया." आणि जी रडले! सासऱ्यांनी डोळे पुसले, पण मान काही वर केली नाही. म्हणाले, "उद्या गाडी जुंपतो." आणि स्वतः नेऊन सोडलं, हो.

तेव्हा नवरीबाई, तुझ्या मनात काय असेल ते आज रात्री धुंडून ठेव. दात नसला दुखत तर दुसरं काही दुखत असेल. माझ्या लेकाची, म्हणजे तुझ्या सासऱ्याची, चिंता करू नको. तो बघ, ओसरीवर बसून सगळं ऐकतोय नि टोपी काढून मान खाली घालायची सवय करतोय. सावकाश सांग. तू तोंड उघडल्याशिवाय तो उठायचा नाही.